उजवं वर्तुळ

मुमताज कागदी अठराव्या वर्षी गेली. तिची स्केटिंगमधली सगळी कमाई म्हणजे राज्य स्पर्धेतली तीन रौप्यपदकं, एक कांस्य आणि राष्ट्रीय स्पर्धेतला चौथा क्रमांक. सोनं एकही नाही. एवढं थोडं कमावलेल्या खेळाडूवर कुणी गोष्ट लिहीत नाही, पण ही गोष्ट तिच्या पदकांची नाही, तिच्या बापाची आहे.

हे स्केटिंग चाकांचं, हे आधीच सांगितलेलं बरं. पुण्यात बर्फ मिळतो तो उसाच्या रसात, नाहीतर मासळीवर. त्यावर कुणी नाचत नाही. इथे बुटाला चार चाकं लावून सिमेंटच्या फरशीवर नाचतात. त्यातही दोन भाग. एक नाचाचा, म्हणजे संगीत, उड्या, गिरक्या, लोकांच्या टाळ्या. दुसरा फिगरचा. फरशीवर इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी दोन मोठी वर्तुळं एकमेकांना चिकटून रंगवलेली असतात, आणि एका पायावर तोल सांभाळत त्या रेघेवरून जायचं. संगीत नाही, टाळ्या नाहीत. पंच हात मागे बांधून रेघेशेजारी उभे राहतात आणि फक्त चाकाकडे बघतात. चाकाने रेघ सोडली की गुण गेले. बघणाऱ्याला झोप यावी असा हा प्रकार, आणि मुमताजला नेमका तोच आवडायचा.

तिचा बाप अमीन कागदी. राहणार कसबा पेठ, नोकरी खडकीच्या कारखान्यात टर्नर म्हणून. कागदाचा आणि या घराचा संबंध आजोबांच्या वेळीच सुटला होता, मागे फक्त आडनाव राहिलं होतं. अमीन लेथवर उभा राहिला की इंचाचा हजारावा भाग त्याला बोटांच्या टोकांना कळतो, असं सोबतचे लोक म्हणत. अतिशयोक्ती असेल, पण त्याने केलेला तुकडा तपासणीवाला नुसता उचलून पेटीत टाकायचा, मोजायचा नाही. अमीनला याचा अभिमान होता, आणि तो त्याने कधी लपवलाही नाही.

कारखान्याच्या वसाहतीत साहेबाच्या काळातली एक मोठी सिमेंटची फरशी होती. त्यावर आधी बॅडमिंटन चालायचं, मग मुलं स्केटिंग करायला लागली. शिकवायला सरोजिनी देवल म्हणून बाई होत्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, गळ्यात शिट्टी, पायात कॅनव्हासचे बूट, आणि कौतुकाच्या बाबतीत हात कायम आखडता. बाकीची मुलं शर्यतवाली. भिंगरीसारखी सुटायची आणि गुडघे फोडून घ्यायची. नऊ वर्षांची मुमताज मात्र फरशीच्या चिरेवर चाक ठेवून हळूहळू चालवत बसायची. बाईंनी दोन दिवस बघितलं आणि अमीनला बोलावलं.

"अमीनभाई, ही फिगरची मुलगी आहे. हिला वर्तुळं लागतील. सहा मीटरची, दोन. कोण काढून देईल?"

"कोण म्हणजे? मी आहे ना," अमीन म्हणाला.

सन एकोणऐंशी. एका रविवारी अमीन सायकलला रंगाचा डबा लटकवून आला. फरशीत खिळा ठोकता येईना, म्हणून मधोमध पाडलेल्या भोकात त्याने पाऊण इंची सळई उभी केली, सळईला दोरी गाठ मारून बांधली, दुसऱ्या टोकाला ब्रश, आणि उजवं वर्तुळ काढायला सुरुवात केली. गाठ घट्ट होती, सळई पक्की होती. त्यामुळे तो जसजसा फिरत गेला तसतशी दोरी सळईभोवती गुंडाळत गेली, आणि जितकी गुंडाळली तितकी आखूड झाली. वाकून, मागे सरकत, ब्रशकडे बघत काम करणाऱ्याला हे दिसत नाही. फेरा पुरा झाला तेव्हा दिसलं. रेघेचं तोंड शेपटाला मिळालं नव्हतं. शेपूट तीन बोटं आत होतं.

अमीन उभा राहिला. काय झालं ते त्याला क्षणात कळलं. टर्नरला नाही कळणार तर कुणाला? त्याने गाठ सोडली, सळई डावीकडच्या भोकात हलवली, पत्र्याची एक सैल कडी करून तिच्यात घातली, दोरी कडीला बांधली आणि डावं वर्तुळ काढलं. ते अगदी चोख आलं. उरला प्रश्न उजव्याचा. रंग तळाला गेला होता, ऊन चढलं होतं, आणि काढलेली रेघ पुसायची तर घासलेटाने तास दोन तास घासावी लागली असती. अठरा-एकोणीस मीटरच्या फेऱ्यात तीन बोटं. त्याने हाताने शेवटची हातभर रेघ जरा बाहेर ओढली, जोड गोलाईत मिसळून टाकला, आणि स्वतःशीच म्हणाला, "चालतंय. इथे कोण फुटपट्टी घेऊन येणार आहे?"

कारखान्यात ज्याचा तुकडा मोजावा लागत नाही तो माणूस घरच्या कामाला 'चालतंय' म्हणाला. सोनारानेच कान टोचावे म्हणतात ते खरं, पण इथे सोनारानेच वाकडा टोचला. आणि दुसऱ्या दिवसापासून तो भेटेल त्याला सांगायला लागला, की वसाहतीतली वर्तुळं माझ्या हातची आहेत.

मुमताज शाळा सुटल्यावर बसने खडकीला यायची आणि कारखान्याची पाळी सुटली की बापाच्या सायकलवर मागे बसून, वाकडेवाडीवरून, घरी. वाटेत ती आज किती फेरे झाले ते सांगायची. तिला दुसरं बोलायला फारसं नसे. घरी नसीमबानू, तिची आई, तिचे पाय कोमट पाण्यात घालायची आणि पुटपुटायची, की लोकांच्या पोरी शिवण शिकतात, आमची गोल गोल फिरते. अकराव्या वर्षी मुमताजला मोठा ताप आला, गुडघे सुजले. सगळ्यांनी दोष चाकांना दिला, गुडघ्यांना मलम लागलं, ताप उतरला, आणि सगळे ते विसरले.

तीन वर्षांत मुमताज अशी तयार झाली, की चाक रेघेवर ठेवलं की तिने खाली बघूही नये आणि रेघ तिच्या पायाखाली आपोआप सरकतेय असं वाटावं. बाई चाकामागून वाकून चालत जायच्या आणि त्यांना बोलायला काही सापडत नसे. मग त्या नाइलाजाने म्हणायच्या, "ठीक आहे."

पहिली राज्य स्पर्धा बाराव्या वर्षी झाली. मुमताज दुसरी आली. पंचांनी कागदावर लिहिलं, उजव्या वर्तुळात शेवटच्या चतकोरात रेघ सोडून आत. पुढच्या वर्षी दुसरीकडची फरशी, दुसरे पंच, आणि शेरा तोच. त्याच्या पुढच्या वर्षीही तोच. बाई चक्रावल्या. वसाहतीत परत आणून त्यांनी तिला उजव्या वर्तुळावर वीस फेरे करायला लावले. विसाच्या वीस फेऱ्यांत चाक रेघेवरून तसूभर हललं नाही.

"इथे बरोबर, तिथे चूक," बाई म्हणाल्या. "याचा अर्थ एकच. मुलगी घाबरते. शेवट आला की खांदा टाकते."

यात बाईंचं तरी काय चुकलं? घरी जमतं आणि स्पर्धेत जमत नाही, याला जगात एकच नाव आहे. हळूहळू ते सगळ्यांच्या तोंडी बसलं. मुलगी गुणी आहे, पण ऐन वेळी कच खाते. शर्यतवाली मुलं म्हणायची, नसीमबानू शेजारणीला सांगायची, आणि मुमताज स्वतः म्हणायची, तेही कुरकुर न करता, आपली उंची सांगावी तसं. बाईंनी तिला डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायला शिकवलं. नसीमबानूने ताईत बांधला. अमीनने काय केलं? त्याने सायकलवर तिला समजावलं, "बेटा, मन घट्ट कर." रविवारची ती दोरी त्याच्या डोक्यातून केव्हाच निघून गेली होती. माणूस स्वतःची चूक विसरायला फार वेळ घेत नाही.

सन शहाऐंशीच्या जानेवारीत राष्ट्रीय स्पर्धा झाली, गाडीने दोन दिवसांच्या अंतरावर. पहिल्या तिघींना परदेशी जाणाऱ्या संघात घेणार होते. अमीन रजा काढून गेला. आतापर्यंत तो तिच्या एकाही स्पर्धेला गेला नव्हता. पाळी, ओव्हरटाइम, काही ना काही असायचं. या वेळी त्याला अगदी कठड्याला लागून जागा मिळाली, उजव्या वर्तुळाच्या समोर.

मुमताज आली. पांढरे बूट, घट्ट वेणी. डावं वर्तुळ सुरेख झालं. उजव्यावर पहिले तीन चतकोर चाक रेघेच्या आतल्या काठाला धरून होतं. मग शेवटचा चतकोर लागला, आणि चाक हळूच, अजिबात न थरथरता, रेघ सोडून आत सरकलं. दोन बोटं, तीन बोटं. मग शेवटी एक छोटा वळसा घेऊन बाहेर आलं आणि सुरुवातीच्या खुणेला बरोबर मिळालं.

तो वळसा अमीनने ओळखला. स्वतःच्या हाताचं काम माणूस कुठेही ओळखतो. त्याने ब्रशने जो जोड गोलाईत मिसळला होता, तो जोड त्याची मुलगी शेकडो मैलांवरच्या दुसऱ्या फरशीवर, जिथे तो नव्हताच, तिथे पायाने काढून दाखवत होती. खांदा पडला नव्हता. अमीनने मुद्दाम बघितलं. खांदा लेथच्या पाट्यासारखा सरळ होता.

ती चौथी आली. तिसरीत आणि तिच्यात अर्ध्या गुणाचा फरक. बाई परतीच्या गाडीत तिला म्हणाल्या, "मुमताज, तुला मी सगळं शिकवलं, धीर शिकवता येत नाही." मुमताजने मान हलवली. समोरच्या बाकावर अमीन होता. त्याच्या तोंडाशी वाक्य आलं होतं. सगळ्यांना सांगितलंय, वर्तुळं माझ्या हातची. आता काय सांगू? त्याने खिडकीबाहेर बघितलं. मला या माणसाचा राग येतो, पण त्याच्या जागी मी बोललो असतो का, हे छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

पुण्याला आल्यावर पहिल्याच रविवारी, बाई आणि मुलं येत नाहीत असं बघून, तो फरशीवर गेला. या वेळी त्याच्याकडे मधोमध रोवायला लेथवर कातलेली खुंटी होती, फिरणारी कडी होती, दोरीऐवजी पोलादी तार होती. उजव्या वर्तुळाची जुनी रेघ त्याने सिमेंटच्या रंगाच्या राखाडी ऑइलपेंटने झाकली आणि नवी काढली. तोंड शेपटाला असं मिळालं, की जोड त्याचा त्याला सापडेना. आयुष्यातलं सगळ्यात चोख काम त्याने चोरून केलं.

सोमवारी संध्याकाळी मुमताज उजव्या वर्तुळावर गेली आणि शेवटच्या चतकोरात रेघ सुटली. पुन्हा गेली. पुन्हा सुटली.

"अब्बा," ती सायकलवर म्हणाली, "उजवं वर्तुळ बदलल्यासारखं वाटतंय."

"नवा रंग दिलाय," अमीन पॅडल मारत म्हणाला. "म्हणून वाटतं तसं."

पुढचे तीन महिने ती रोज त्या चतकोराशी झगडली. बाई म्हणाल्या, भीती आता घरीही आली. अमीनला वाटत होतं, सवय होईल, पाय नवी रेघ शिकतील, पुढच्या वर्षी सोनं येईल आणि मग काही सांगायची गरजच पडणार नाही. हिशोब तसा चुकीचा नव्हता. पण मे महिन्यात मुमताजला दम लागायला लागला. आधी दहा फेऱ्यांनी, मग तीन फेऱ्यांनी, मग बूट बांधायला वाकली की. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि लहानपणी गुडघे सुजून ताप आला होता का, असं विचारलं. त्या तापाने काळजाची झडप आवळली होती. स्केट्स खुंटीला लागले. तेव्हा ती सोळा वर्षांची होती.

दोन वर्षं गोळ्यांवर निघाली. मग गोळ्या पुरेनात, आणि मोठ्या दवाखान्यातल्या सर्जनने सांगितलं, की ऑपरेशन केलं तर आशा आहे, नाही केलं तर वर्षसुद्धा धरू नका. मुमताजला अठरा वर्षं पूर्ण झाली होती. कागदावर सही तिचीच लागणार होती, आणि ती सही करेना. नसीमबानू रडली, मामा बोलून गेले, नर्स रागावली. शेवटी अमीन स्टूल ओढून खाटेशी बसला.

"सही कर, बेटा."

"नको, अब्बा."

"का, पण?"

"मी ऐन वेळी कच खाते," मुमताज म्हणाली. आवाजात रडं नव्हतं. "घरी सगळं नीट करते आणि जिथे करायचं तिथे बिघडवते. डॉक्टर म्हणतात, पेशंटनेही हिंमत धरावी लागते. ती माझ्यात नाही. तुम्हाला माहीत आहे, बाईंना माहीत आहे. टेबलावर मी शेवटच्या चतकोरात सोडून देईन."

शेजारच्या खाटेवरच्या बाईला भेटायला माणसं आली, बसली, गेली. मग अमीनने सांगितलं. सळई, गाठ, दोरी, रंग संपला होता ते, ऊन होतं ते. राष्ट्रीय स्पर्धेत काय बघितलं ते. रविवारी चोरून नवी रेघ काढली ते. तो तिच्या तोंडाकडे न बघता चादरीच्या काठाकडे बघून बोलत होता.

"किती?" मुमताजने विचारलं.

त्याने तीन बोटं पुढे केली. तिने आपली बोटं त्याच्या बोटांना लावून बघितली. बापापेक्षा तिची बोटं बारीक होती, तिला चार लागली.

"शेवटच्या चतकोरात?"

"हो."

"म्हणजे मी रेघ सोडली नव्हती."

"एकदाही नाही."

तिने त्याच्या बोटांवरून आपली बोटं काढून घेतली. मग म्हणाली, "अम्मीला बोलवा. तुम्ही बाहेर जा." सही तिने आईकडून कागद धरवून केली, स्वच्छ अक्षरात, पूर्ण नाव लिहून. अमीनशी ती संध्याकाळपर्यंत बोलली नाही. मग एवढंच म्हणाली, "बाईंना सांगा. सगळ्यांसमोर सांगा. तुम्हीच."

"तू बरी हो," अमीन म्हणाला. "मग आपण दोघं जाऊ."

तिने त्याच्याकडे असं बघितलं, की त्याने मान खाली घातली.

ऑपरेशनला ती हसत गेली, असं नर्स नंतर सांगायची. टेबलावर तिने काही सोडलं नाही. ऑपरेशन पार पडलं, दोन दिवस तिने काढले, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

चाळीस दिवस झाल्यावर वसाहतीत शोकसभा झाली, त्याच फरशीच्या कडेला, खुर्च्या मांडून. मॅनेजर बोलले, शर्यतवाल्या मुलांतला एक बोलला. मग सरोजिनीबाई उठल्या.

"माझ्या हातून इतकी गुणी मुलगी दुसरी गेली नाही," त्या म्हणाल्या. "देवाने तिला सगळं दिलं. फक्त ऐन वेळचा धीर तेवढा दिला नाही."

अमीन उठला. त्याचं नाव बोलणाऱ्यांत नव्हतं.

"बाई, ते खोटं आहे," तो म्हणाला. "उजवं वर्तुळ मी वाकडं काढलं होतं. तीन बोटं आत. ती त्याच्यावर शिकली. तिने रेघ कधी सोडली नाही. मला शहाऐंशीपासून माहीत होतं."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. मॅनेजरने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "बसा, अमीनभाई. दुःखात माणूस सगळं स्वतःवर घेतो." मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "वर्तुळ तर चांगलं गोल आहे." ते खरंच गोल होतं. दोन वर्षांपूर्वी त्यानेच ते तसं केलं होतं, आणि आता त्याचा शब्द खरा ठरवायला पुरावा म्हणून वर काही उरलं नव्हतं.

अमीन फरशीवर गेला. उजव्या वर्तुळाच्या शेवटच्या चतकोराशी गुडघ्यावर बसला, खिशातला चाकू उघडला आणि पांढऱ्या रेघेच्या आतल्या बाजूचा राखाडी रंग खरवडायला लागला. कुणीतरी त्याला उठवायला निघालं, तर नसीमबानूने हात आडवा केला. राखाडी पापुद्रे निघायला लागले. थोड्या वेळाने खाली पांढरं दिसलं. हातभर दिसलं, मग दोन हात.

सरोजिनीबाई आल्या. आधी उभ्या राहून बघत होत्या, मग गुडघ्याला हात लावत खाली बसल्या. नव्या रेघेच्या आणि जुन्या रेघेच्या मध्ये त्यांनी आपली बोटं ठेवली. एक, दोन, तीन. शिकवताना चाकामागून जात तशा त्या जुन्या रेघेवर नजर ठेवून, खरवडलेल्या जागेच्या टोकापर्यंत सरकत गेल्या, आणि तिथे थांबल्या.

"इतकी वर्षं मी तिला भित्री म्हणत होते," त्या म्हणाल्या. "पोरीने एकदा तरी उलट बोलायचं होतं."

"तिला माहीतच नव्हतं, बाई."

"तुम्हाला होतं."

"हो," अमीन म्हणाला.

बाईंनी हात पुढे केला. अमीनला आधी कळलं नाही, मग त्याने चाकू त्यांच्या हातात दिला. जोडाचा तो वळसा अजून रंगाखाली होता. बाई तो खरवडायला लागल्या.